जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: फुकटचा वकील कितपत कामाचा?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात झेरॉक्सवाले, टायपिस्ट आणि नोटरींच्या गर्दीत एक पाटी हमखास नजरेतून सुटते: ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’. आत एक-दोन टेबले, कर्मचारी, पाळीने बसणारा पॅनलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला वकील आणि आतल्या खोलीत सचिव. सचिव म्हणजे कारकून नव्हे, तो वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश असतो. अध्यक्ष असतात प्रधान जिल्हा न्यायाधीश. तालुक्याच्या कोर्टात हेच काम तालुका विधी सेवा समिती बघते. मोफत वकील, कोर्ट फी, लोकअदालत, पीडितांची भरपाई ही सगळी कामे या दारातून जातात. कायदा १९८७चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५पासून.

या सेवेबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणारे एकीकडे, ‘फुकटचा वकील काय लढणार’ म्हणणारे दुसरीकडे. आमचे मत असे: आत शिरणे सोपे आहे, वकील मिळणेही फारसे अवघड नाही. खरी अडचण नेमणुकीचे पत्र हातात पडल्यावर सुरू होते, कारण तिथून पुढे केस हलती ठेवायची जबाबदारी बरीचशी पक्षकारावरच येते. फौजदारी खटल्यात आरोपीच्या बाजूने ही सेवा अलीकडे स्पष्टपणे सुधारली आहे. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जांत ती चांगली चालते. जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात रडतखडत. लोकअदालत पैशाच्या वादाला उत्तम, पण आकडा घरून काढून गेलात तरच.

पात्रता: अर्धे लोक इथेच चुकतात

‘गरिबांसाठी असते ना ते?’ हा सर्वांत मोठा गैरसमज. कायद्याच्या कलम १२ मध्ये उत्पन्नाची अट ही अनेकांपैकी एक वाट आहे. स्त्री, अठरा वर्षांखालील मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, कारखान्यातला कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेला माणूस, मानवी तस्करी वा वेठबिगारीचा बळी, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेला, या सगळ्यांना उत्पन्न न विचारता वकील मिळाला पाहिजे. म्हणजे शाळेत शिक्षिका असलेल्या बाईनेही नवऱ्याविरुद्धच्या पोटगीसाठी अर्ज केला तर ‘तुमचा पगार किती’ हा प्रश्न पात्रतेसाठी गैरलागू आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे, सर्वोच्च न्यायालयातल्या कामासाठी ५ लाख.

उत्पन्नाच्या वाटेने जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी तहसीलदाराचा दाखला मागतात आणि त्यात पंधरा दिवस सहज जातात. कलम १३(२) मात्र सांगते की उत्पन्नाबद्दलचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तरच पुढची चौकशी. तेव्हा दाखला हाताशी नसेल तर प्रतिज्ञापत्र द्या आणि दाखला मागून आणतो असे अर्जात लिहा. न्यायालयापुढे किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही ‘पाचशेचा स्टॅम्प आणा’ म्हणणारे आवारात दोन पावलांवर भेटतात. साधा कागद चालतो.

आणखी एक माफी लोकांना माहीत नसते. १९९४ सालापासून महाराष्ट्रात पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. त्यासाठी विधी सेवेकडे जायचीही गरज नाही. खासगी वकील लावलेल्या बायकाही कित्येकदा ही फी भरून मोकळ्या होतात.

अर्ज

साध्या कागदावर, मराठीत लिहिलेला अर्ज चालतो; छापील नमुना कार्यालयात मिळतो. लिहिता येत नसेल तर कर्मचाऱ्याने किंवा विधी स्वयंसेवकाने तोंडी हकीकत उतरवून घेऊन अंगठा घ्यायचा असतो. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज जातो. तिथे एक मेख आहे: अर्ज कुठल्या संस्थेकडे पाठवायचा हे निवडताना लोक आपण राहतो तो जिल्हा निवडतात. निवडायचा तो जिथे केस चालू आहे किंवा दाखल करायची आहे तो. माहेरी राहणाऱ्या बाईवर सासरच्या जिल्ह्यात दावा पडला असेल तर वकील तिथल्या प्राधिकरणानेच द्यायचा असतो. चुकीच्या जागी गेलेला अर्ज फिरून येईपर्यंत एक तारीख निघून जाते.

सोबत ओळखपत्र, पात्रतेचा पुरावा (जातीचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र) आणि प्रकरणाचे कागद लागतात. समन्स वा नोटीस आली असेल तर पाकिटासकट ठेवा, कारण पाकिटावरच्या शिक्क्यावरून ती केव्हा मिळाली हे ठरते. जमिनीचा वाद असेल तर चालू सातबारा एकटा पुरत नाही. जुने सातबारे, आठ-अ आणि ज्या फेरफाराने नाव चढले वा उतरले त्या फेरफाराची नक्कल हवी. वाटपाच्या दाव्यात वंशावळ आधीच काढून ठेवा: कोण कधी वारले, वारस कोण, बहिणी किती. बहिणींची नावे राहून जातात आणि मग ‘आवश्यक पक्षकार जोडले नाहीत’ म्हणून दावा दुरुस्तीत अडकतो.

याहून मोलाचा कागद म्हणजे एका पानावर तारीखवार हकीकत. डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे काय घडले, त्यापुढे त्याचा कागद आहे की नाही. पॅनलच्या वकिलाला तुमच्यासाठी पहिल्या भेटीत फार तर पंधरा-वीस मिनिटे मिळतात. भावाने काय बोलून दाखवले यात ती संपली की दावा अर्धवट माहितीवर लिहिला जातो.

अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या. नियमाप्रमाणे निर्णय लगेच, फार तर सात दिवसांत व्हायला हवा. नाकारला तर कारण लेखी मागा आणि अध्यक्षांकडे अपील करा. पॅनलवरचा एखादा वकील हवा असेल तर त्याचे नाव अर्जातच लिहिता येते. मान्य करणे सचिवांच्या हातात आहे, पण लिहिलेच नाही तर विचार होण्याचाही प्रश्न नाही.

मुदतीच्या कायद्याचे घड्याळ विधी सेवेच्या अर्जाने थांबत नाही, आणि सगळ्यांत महागडी चूक इथे होते. चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. दिवाणी हुकूमनाम्यावर (निकालाच्या औपचारिक आदेशावर) जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. हातउसन्या पैशाच्या वसुलीला सर्वसाधारणपणे तीन वर्षे. अर्जाच्या अगदी वर, ठळक अक्षरात ‘मुदत अमुक तारखेस संपते’ असे लिहिले की तो अर्ज टेबलावर वेगळा ठेवला जातो. उशीर झालाच तर विलंबमाफीच्या अर्जात हीच आवक तारीख उपयोगी पडते.

मोफतमध्ये काय येते? वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, नकला, अपिलासाठी कागदपत्रांचे भाषांतर. येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी तुमची तुम्ही. जमीन मोजणीची फी, कोर्ट कमिशनरचा खर्च असले मोठे आकडे पुढे यायची शक्यता असेल तर सचिवांना आधी लेखी विचारा. तोंडी ‘बघू’ वर विसंबू नका.

वकील मिळाल्यानंतर

पॅनलच्या वकिलाला मानधन सरकार देते. ते कमी असते, टप्प्याटप्प्याने आणि कागद जोडल्यावर मिळते. परिणाम सरळ आहे: त्याच दिवशी दुसऱ्या कोर्टात खासगी पक्षकाराचा पुरावा असेल तर तुमच्या प्रकरणात मुदतीचा, म्हणजे पुढची तारीख मागणारा अर्ज जातो. सगळेच असे करतात असे नाही. नव्या दमाचे काही वकील नाव कमवायचे म्हणून विधी सेवेच्या केसमध्ये जीव ओततात, आणि पोटगीच्या कामात तर पॅनलवरच्या काही ज्येष्ठ महिला वकिलांच्या तोडीचे काम बाहेर फी देऊनही मिळत नाही. पण नेमणूक होताना तुमच्या वाट्याला कोण येईल ते सांगता येत नाही.

तेव्हा पहिल्याच दिवशी वकिलांकडून सीएनआर क्रमांक मागून घ्या. हा सोळा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला ‘एमएच’ने सुरू होतो आणि त्या प्रकरणाला कायमचा चिकटलेला असतो. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, कोर्ट क्रमांक, कामकाजाचा टप्पा आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते, पण नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये चढवलेले असते आणि ते टंकणाऱ्याच्या मर्जीवर. ज्ञानेश्वर ‘डी’ने लिहिलाय की ‘जी’ने, हे कोणी सांगावे. नावाची किमान तीन अक्षरे आणि वर्ष लागते. आडनावाचीच मधली तीन-चार खात्रीची अक्षरे टाकून बघा. नाहीच सापडले तर समोरच्या पक्षकाराच्या नावाने शोधा.

अॅपवर ‘पुढील तारीख’ एवढेच बघून लोक थांबतात. बघायचे असते ते मागच्या तारखेचे कामकाज. कोणी मुदत मागितली, कोणाच्या म्हणण्यासाठी प्रकरण ठेवले, की न्यायाधीशच रजेवर होते. सलग तीन तारखा ‘वादीचा पुरावा’ याच टप्प्यावर तुमच्या बाजूने मुदत गेली असेल तर पुढच्या वेळी पुरावा बंद झाल्याचा आदेश येऊ शकतो. अॅपवरची नोंद तुटक वाटली तर न्यायालयातला रोजनामा, म्हणजे प्रकरणाची तारीखवार नोंद बघा, त्याची नक्कलही अर्ज करून मिळते.

वकील बदलून मागता येतो. त्यासाठी ‘लक्ष देत नाहीत’ असा मोघम अर्ज काही कामाचा नाही. अमुक तारखेला गैरहजर, अमुक तारखेला मुदत, अमुक दिवसापासून फोन उचलला नाही, असा तक्ता सचिवांकडे द्या. प्रत्येक प्राधिकरणात अशा प्रकरणांवर देखरेख करणारी समिती असते आणि तिला तारखा असलेला कागदच वाचता येतो. वकिलाने ‘वरखर्चाला’ म्हणून पैसे मागितले तर ते बेकायदेशीर आहे, एक रुपयासुद्धा. तशी तक्रारही लेखी द्या. उलट बाजूने, विधी सेवेचा वकील असताना गुपचूप दुसरा खासगी वकील उभा केला किंवा उत्पन्न खोटे सांगितले तर साहाय्य काढून घेतले जाते.

पोटगीच्या प्रकरणात एक गोष्ट वकिलावर सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही बाजूंनी मालमत्ता, उत्पन्न आणि खर्चाचे प्रतिज्ञापत्र देणे सक्तीचे आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आहे. हा नमुना लांबलचक असतो. अर्धा कोरा टाकून दिला की अंतरिम पोटगीचा आकडा खाली येतो. मुलांच्या शाळेच्या पावत्या, घरभाडे, औषधांची बिले लावा. नवऱ्याचा पगार माहीत नसेल तर मालकाचे नाव-पत्ता, गाडीचा क्रमांक, गावच्या जमिनीचा गट क्रमांक द्या. आणि आदेश झाल्यावर थकबाकी साचू देऊ नका: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १४४ खालील पोटगी थकली तर वसुलीचे वॉरंट मागायला ती देय झाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. दोन वर्षे थांबून एकदम अर्ज केला की जुना हिस्सा त्या मार्गाने हातचा जातो.

फौजदारी: इथे गुण जास्त

२०२२च्या योजनेप्रमाणे बऱ्याच जिल्ह्यांत आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांचे कार्यालय सुरू झाले: मुख्य, उप आणि सहायक अशी उतरंड. या वकिलांना खासगी काम करता येत नाही, आणि तिथेच फरक पडतो. रिमांडला वकील उभा असतो, तुरुंगात भेटी होतात, जामिनाचे अर्ज वेळेवर पडतात. अटक झालेल्याच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी इथे जावे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

जामीन मंजूर झाला, पण जामीनदार नाही म्हणून माणूस आतच, हे चित्र फार जुने आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यावर स्पष्ट सूचना दिल्या. आदेशाची प्रत न्यायालयाने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांना पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही तर न्यायालय आपणहून अटी शिथिल करायचा विचार करू शकते. प्रत्यक्षात ही साखळी कुठेतरी अडते, बहुधा सात दिवसांनंतरच्या कळवण्यात. घरच्यांनी आठव्या दिवशी जामीन आदेशाची प्रत घेऊन सचिवांकडे एक अर्ज टाकला की ती पुढे सरकते. उत्पन्न किती, घरात कोण, जामीनदार का मिळत नाही एवढेच त्यात लिहायचे.

दोषारोपपत्राची ६० किंवा ९० दिवसांची मुदत मोजून ठेवा. मुदत उलटली आणि दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क आहे, पण अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी पडायला हवा. दुपारी दोषारोपपत्र दाखल झाले आणि तुमचा अर्ज संध्याकाळी, तर तो हक्क गेला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कच्च्या कैद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ काढला, पहिलाच गुन्हा असेल तर एक-तृतीयांश, तर सुटकेचा विचार व्हायला हवा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे चालू असलेल्यांना हे लागू नाही.

पीडितांनी मात्र बचाव कार्यालयात जाऊ नये, ते आरोपींसाठी आहे. पीडितांना पॅनलचा वकील मिळतो. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार, अॅसिड हल्ला यांत राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेची मदतही जिल्हा प्राधिकरणच ठरवते आणि ती खटल्याच्या निकालापर्यंत थांबायला लावणारी नाही.

लोकअदालत

बँक, वीज कंपनी किंवा मोबाइल कंपनीच्या थकबाकीसाठी लोकअदालतीची नोटीस आली की घरात धसका बसतो. हे समन्स नाही. दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात अजून दाखल न झालेल्या प्रकरणात तुम्ही गेला नाहीत म्हणून तुमच्याविरुद्ध आदेश होत नाही, आणि गेलात तरी सही करायची सक्ती कोणी करू शकत नाही. पण सही केलीत तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा. त्यावर अपील नाही. फसवणूक वगैरे असेल तर उच्च न्यायालयात रिट एवढाच रस्ता. त्यामुळे सहीआधीची दहा मिनिटे महत्त्वाची.

जुन्या कर्जात शेवटचा हप्ता किंवा शेवटची लेखी कबुली केव्हाची, ते आधी बघा. तीन वर्षे उलटून गेली असतील तर कर्ज मुदतबाह्य झालेले असू शकते, आणि तडजोडीवर सही करून तुम्ही ते स्वतःच्या हाताने जिवंत करता. द्यायचे असेल तर खुशाल द्या, पण हे कळून द्या. एकरकमी तडजोड करताना बाकी नसल्याचा दाखला किती दिवसांत मिळेल आणि सिबिलवर ‘सेटल्ड’ शेरा पडेल की खाते ‘क्लोज्ड’ दिसेल, हे विचारून घ्या. ‘सेटल्ड’ शेऱ्याने पुढचे कर्ज अडते.

मोटार अपघाताच्या दाव्यात लोकअदालत खरोखर फायद्याची ठरू शकते: विमा कंपनीचे अपील टळते, पैसे लवकर येतात. पण विमा कंपनीचा माणूस म्हणतो तो आकडा आणि कायद्याने निघणारा आकडा यांत किती अंतर असते ते कागदावर बघाच. समजा मृत व्यक्ती ३४ वर्षांची, महिना १२,००० कमावणारी, स्वतःचा छोटा व्यवसाय; मागे पत्नी, दोन मुले, आई. वर्षाचे उत्पन्न १,४४,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी भविष्यातील वाढ ४० टक्के, म्हणजे २,०१,६००. चार अवलंबित असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले १,५१,२००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार २४,१९,२००. सहवास गमावल्याची, अंत्यविधीची वगैरे भरपाई वेगळी. दावा पाच वर्षे पडून असेल आणि व्याज ७ टक्के धरले तर साडेआठ लाखांच्या आसपास आणखी. आता समोरून ‘पंधरा लाख, आजच्या आज’ असा प्रस्ताव आला तर तुम्हाला कळेल की तो व्याजच नव्हे, मूळ रकमेतूनही नऊ लाख कापतोय. व्याजातला काही भाग सोडणे व्यवहाराला धरून आहे. चालकाच्या परवान्यावर वाद असेल, उत्पन्नाचा पुरावाच नसेल किंवा मृताचीही चूक दिसत असेल तर आणखी खाली यावे लागेल. पण कशासाठी सोडतोय ते वकिलाकडून वदवून घ्या. ‘साहेब म्हणतायत, करून टाका’ हे कारण नव्हे.

तडजोडीचा मसुदा हा दुसरा कच्चा दुवा. ‘उभय पक्षांत समझोता झाला असून वाद मिटला आहे’ एवढ्या ओळीवर दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज कसा चालवणार? एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा, कोणत्या खात्यात, एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह एकदम देय, मूळ चेक वा कागद कोण केव्हा परत देणार, आणि एकमेकांवरच्या बाकी केसेस कोण मागे घेणार, एवढे त्यात हवेच. चेकच्या फौजदारी प्रकरणात झालेला निवाडाही दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसूल करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले. दरखास्तीला मुदत बारा वर्षांची. चालू दाव्यात तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. तो परताव्याचा अर्ज करायला लोक विसरतात.

कायमस्वरूपी लोकअदालत ही वेगळी चीज आहे आणि तिचा वापर अन्यायकारक वाटावा इतका कमी होतो. वीज, पाणी, टपाल, दूरध्वनी, प्रवासी व मालवाहतूक, दवाखाना, स्वच्छता, विमा या सेवांबद्दल, एक कोटी रुपयांपर्यंतच्या वादासाठी, कोर्ट फीशिवाय अर्ज करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो. जमला नाही तर हे मंडळ गुणवत्तेवर निकालच देते. साध्या लोकअदालतीला तो अधिकार नाही. अट एकच, त्या वादाची केस आधीच कुठल्या न्यायालयात दाखल केलेली नसावी, आणि इथे अर्ज केल्यावर दुसरीकडे जाता येत नाही. प्रत्येक जिल्ह्यात ती नसते, आपला जिल्हा कुणाच्या हद्दीत येतो ते प्राधिकरणात विचारा.

फोनवरचा सल्ला आणि वरचे न्यायालय

१५१०० हा नालसाचा क्रमांक. कुठे जायचे, कागद कोणते, हे कळण्यापुरता ठीक. टेली-लॉ, म्हणजे गावातल्या सीएससी केंद्रातून किंवा १४४५४ वर वकिलाशी बोलणे, नोटीस वाचून घ्यायला बरे पडते. दोन्हीकडून कोर्टात उभा राहणारा माणूस मिळत नाही, तेवढ्यासाठी कार्यालयाची पायरी चढावीच लागते.

उच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणाला जिल्ह्याचा वकील पुरत नाही. तिथल्या विधी सेवा समितीकडे नवा अर्ज करायचा: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. अर्जासोबत खालच्या निकालाची प्रमाणित नक्कल लागते, आणि नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकलेला बरा. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात, पण नक्कल तयार आहे असे कळवल्यानंतर ती घ्यायला जे दिवस घालवले ते वगळत नाहीत.